नवा प्रोसेसर: घोडं अडतं ते मेमरीपाशी

पीसीसाठी नवं प्रोसेसर आर्किटेक्चर (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा संच आणि त्याचे नियम) निवडायचं म्हटलं की चर्चा होते ती वेगाची आणि बॅटरीची. निकाल मात्र बहुतेक वेळा जुनं सॉफ्टवेअर लावतं. इंटेलने 2001 मध्ये इटॅनियम आणला. त्यावर एक्स86 चे, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या पीसी आर्किटेक्चरसाठी लिहिलेले प्रोग्रॅम रखडत चालायचे. एएमडीने 2003 मध्ये जुन्या एक्स86 लाच 64 बिटपर्यंत वाढवलं आणि बाजी मारली.

एका संचातल्या सूचना दुसऱ्यात उतरवणं, म्हणजे अनुवाद, त्यामानाने सोपं. एक्स86 ची सूचना 1 ते 15 बाइटची असते, 64 बिट आर्मची (मोबाइलमध्ये असतं ते आर्किटेक्चर) नेमकी 4 बाइटची. आजच्या एक्स86 पीसीत साधी रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या आकडे ठेवायच्या जागा) 16, आर्ममध्ये 31, म्हणजे जुनी सगळी नव्यात बसून वर जागा उरते.

खरी गोची पुढे आहे. एक कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) मेमरीत बिलाची रक्कम लिहितो आणि मग 'तयार' म्हणून खुणेच्या जागी 1 ठेवतो. दुसरा कोअर ती खूण बघून रक्कम वाचतो. एक्स86 वर ही लिखाणं इतर कोअरना त्याच क्रमाने दिसतात. आर्म तशी हमी देत नाही, त्यामुळे खूण 1 दिसली तरी रक्कम जुनीच हाती येऊ शकते. तीही क्वचित, बहुधा मशीनवर ताण असताना. शोधायला बसलं की सगळं सुरळीत! उपाय म्हणून मेमरीच्या व्यवहारांभोवती क्रम राखणाऱ्या सूचना पेरल्या तर वेग मार खातो.

ॲपलने मॅक इंटेलवरून आर्मवर नेताना 2020 च्या एम1 मध्ये यासाठी चिपमध्येच सोय केली: रोझेटा 2 या ॲपलच्या अनुवादकामधून प्रोग्रॅम चालत असेल तेव्हा कोअर एक्स86 चा क्रम पाळतो. आमच्या मते त्या बदलातली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच. आर्मवरच्या विंडोजमध्ये प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी टॅबखाली इम्युलेशनच्या, म्हणजे या अनुवादाच्या सेटिंग्ज आहेत. जुना प्रोग्रॅम अधूनमधून कोसळत असेल तर तिथे कडक मल्टिकोअर पर्याय निवडून बघावा, शेवटी एकच कोअर. रिस्क-फाइव्ह या खुल्या आर्किटेक्चरमध्ये असा क्रम पाळणं ऐच्छिक आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर याच घराण्यातले, पण जुनं विंडोज सॉफ्टवेअर चालवायचंय त्याने रिस्क-फाइव्हची घाई करू नये.

ड्रायव्हरला (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तर हा अनुवाद लागूच होत नाही, कारण तो कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालतो. त्यामुळे यूएसबी डोंगलवर (परवान्याची किल्ली म्हणून लावायच्या उपकरणावर) चालणारं अकाउंटिंग किंवा डीटीपी सॉफ्टवेअर स्वतः उघडतं, पण डोंगल सापडत नाही म्हणून बंद पडतं. प्लगइनचंही तसंच: आर्मसाठी बनलेल्या ॲपमध्ये एक्स86 चं साधं प्लगइन थेट लोड होत नाही. मॅकवर कुठलं ॲप अनुवादातून चालतंय ते ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या 'काइंड' रकान्यात दिसतं, विंडोजवर टास्क मॅनेजरच्या 'डीटेल्स'मध्ये आर्किटेक्चरचा रकाना जोडून. मशीन घेण्याआधी डोंगल, प्रिंटर आणि स्कॅनरचे आर्म64 ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहेत का, ते बघून घ्यावं. डोंगलचाच नसेल तर तूर्त एक्स86 च बरा.