हेडमध्ये तुटलेला स्टड: ईझी-आउटला हात लावण्याआधी

कारच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर गोळा करून नेणाऱ्या नळ्यांचा) स्टड, म्हणजे हेडमध्ये पिळून बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट, बहुधा नट सोडवतानाच तुटतो. स्टड पोलादाचा, हेड (इंजिनाचा वरचा भाग) बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचं. इंजिन तापतं-निवतं तसे दोन्ही धातू कमी-जास्त फुगतात, आट्यांच्या फटीत ओल शिरते आणि गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून स्टड आतल्या आत आवळला जातो.

स्टड तुटला की पुष्कळ जण लगेच ईझी-आउट काढतात, म्हणजे तुकड्यात भोक पाडून आत रुतवायचा आणि उलटा फिरवून तुकडा काढायचा उलट्या पिळाचा निमुळता दांडा. जाम स्टडसाठी ते चुकीचं आहे. एम-८ (८ मि.मी.च्या) स्टडचा आट्यांच्या बुडाशी व्यास साधारण ६.५ मि.मी. असतो. त्याला भोक पाडून आत बसवायचा ईझी-आउट मात्र जेमतेम ४ मि.मी.चा. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे सारख्याच पोलादाचा धरला तर ईझी-आउट स्टडच्या पाव ताकदीचा. त्याचं पोलाद जास्त कडक असतं हे खरं, पण ते ठिसूळही असतं. शिवाय तो निमुळता असल्याने पाचरीसारखा स्टडला आतून फाकवतो आणि आट्यांवर आणखी दाबतो. तो आत मोडला, तर साधं हायस्पीड ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. मग कार्बाइडचं ड्रिल, नाहीतर हेड उतरवून स्पार्क इरोजनच्या (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या) मशीनवर नेणं, एवढंच उरतं.

बोल्ट जास्त आवळल्यामुळे तुटला असेल आणि गंज नसेल, तर गोष्ट वेगळी. उलट्या पिळाचं ड्रिल लावून मशीन रिव्हर्समध्ये चालवलं की भोक पडता पडताच तुकडा अनेकदा फिरून बाहेर येतो.

जाम तुकड्यावर खरा उपाय मिग वेल्डिंग (आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेचं विजेचं वेल्डिंग). तुकडा पृष्ठभागाच्या पातळीत असेल तर आधी त्यावर वॉशर वेल्ड करायचा, मग त्यावर नट. नटाचं भोक थोडं मोठं घ्यावं, म्हणजे वेल्ड तळापर्यंत पोचतो. इथे नट हे फक्त पाना लावायचं ठिकाण. काम करते ती उष्णता. लालबुंद स्टडला फुगायचं असतं, पण भोवतालचं हेड फुगू देत नाही. तो दबतो, आणि निवताना आकसून गंजाची पकड तोडतो. लाली गेली की आट्यांशी मेणबत्ती टेकवा, पातळ मेण फटीत ओढलं जातं. मग पाना थोडा मागे, थोडा पुढे. एका दमात जोर लावू नका. नट निघून आला तर पुन्हा वेल्ड करा, दर खेपेची उष्णता उपयोगीच पडते. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) कनेक्टर काढा, अर्थिंगचा चिमटा हेडवरच, जवळ लावा.

वेल्डिंग नसेल तर रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल मुरू द्या आणि स्टड नव्हे, भोवतालचं हेड साधारण १५० अंशांपर्यंत तापवा. ८ मि.मी.च्या भोकात ॲल्युमिनियम पोलादापेक्षा सुमारे एक शतांश मि.मी. जास्त फुगतं, तेवढ्याने गंज तडकू शकतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हेडचा मिश्रधातू त्याहून कमी तापमानालाच, आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही, म्हणून ज्योत एका जागी धरू नका. जवळ पेट्रोलची गळती नको. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला तर आच मुळीच लावू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघू शकतो.

हे सगळं फसलं तरच पूर्ण ड्रिलिंग. तुकड्याचं टोक कानसून सपाट करा, बरोबर मध्यावर सेंटर पंच मारा, आधी ३ मि.मी., मग ५, शेवटी ६.५, वेग कमी, कटिंग ऑइल भरपूर. मध्य चुकला की ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं. पोर्टमध्ये (हेडमधल्या धुराच्या वाटेत) कापडाचा बोळा ठेवा, कीस आत जाता कामा नये. आटे गेलेच तर ८.३ मि.मी.चं भोक, हेलिकॉइलचा (नवे आटे देणाऱ्या तारेच्या कॉइलचा) खास टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, आणि १२ मि.मी. लांबीची कॉइल; बसवल्यावर तिची शेपटी तोडून बाहेर काढायला विसरू नका. नव्या स्टडला उच्च तापमानाचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. त्याने घर्षण घटतं, त्यामुळे मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) कोरड्या आट्यांसाठी असेल तर तेवढाच लावल्यास स्टड जास्त ताणला जातो.