कूलंट टेंपरेचर सेन्सर (बाहेरून बसवलेला)

इंजिनातल्या कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान आकड्यात दिसावं म्हणून कंपनीच्या सेन्सरला हात न लावता वेगळा बसवलेला सेन्सर आणि डॅशबोर्डवरचं त्याचं मीटर. बऱ्याच छोट्या गाड्यांत आता काटाच नसतो, थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल, आणि लाल लागेस्तोवर कधीकधी हेड गॅस्केटचं (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचं) काम निघालेलं असतं. काटा असला तरी बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधे धरून ठेवलेला असतो, ८५ अंश असो की १०० तो आपला निवांत. वैभववाडीकडनं करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना, एसी चालू आणि मागं तीन माणसं, तेव्हा ९२ चं १०४ कधी झालं ते अशा काट्यावर कळत नाही.

सेन्सर म्हणजे पितळी बॉडीत बसवलेला थर्मिस्टर, तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि त्यावरनं मीटर आकडा काढतं. म्हणून सेन्सर आणि मीटर जोडीचंच हवं, एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या मीटरला लावला की आकडा चुकतो.

बसवायची सोपी जागा म्हणजे रेडिएटरचा वरचा होज पाईप. तो कापून मधे ॲल्युमिनियमचा ॲडॉप्टर घालायचा, त्याला सेन्सरच्या मापाचे आटे, बहुतेक १/८ एनपीटी (पाईपच्या निमुळत्या आट्यांचं एक माप). तयार मिळतो, पण पाईपचं आतलं माप व्हर्नियरनं घेऊन गेलं तर कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर करून मिळतो, दोन्ही टोकांना थोडी कॉलर ठेवायला सांगायची म्हणजे क्लिपमधनं पाईप निसटत नाही. या जागेची खोड एकच, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत वरच्या पाईपात गरम पाणी येतच नाही, त्यामुळं आकडा बराच वेळ खाली बसतो आणि मग एकदम उडी मारतो.

सगळ्यात जास्त चुकतंय ते अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी. एक वायरचा सेन्सर बॉडीतनं अर्थ घेतो आणि ॲडॉप्टर तर दोन्हीकडनं रबरात, म्हणजे अर्थ येणार कुठनं? त्यासाठी ॲडॉप्टरला अर्थची वेगळी वायर द्यावी लागते. माझ्या गाडीला बसवणाऱ्यानं ही वायर दिलीच नव्हती, गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या कळे गावापर्यंत मीटरचा काटा तळाला, मी म्हटलं सेन्सर डुप्लिकेट निघाला. चहाला थांबल्यावर मित्रानं बॅटरीच्या निगेटिव्हवरनं एक वायर नुसती ॲडॉप्टरला टेकवली तर काटा सरसर ८८ वर! अर्थ कच्चा असला तर आकडा नेहमी खरा असतो त्यापेक्षा कमीच दाखवतो, म्हणून हे धोक्याचं. आट्यांवर टेफलॉन टेपचे ढीगभर वेढे मारले तरी हाच प्रकार होऊ शकतो. मीटरचा सप्लाय इग्निशनवरनं, मधे फ्यूज घालून.

बसवण्याआधी उकळत्या पाण्यात सेन्सर बुडवून बघावा, बॉडीला अर्थ देऊन. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर असल्यामुळं इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, १०० दिसलं नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नये.

काम इंजिन पूर्ण थंड असताना. नंतर कूलंट भरून एअर काढायची, हवेचा बुडबुडा सेन्सरपाशी अडकला तर आकडा नाचतो. आणि पाईप फुटून कूलंटच निघून गेलं तर कोरड्या पडलेल्या सेन्सरचा काटा उलट खाली येतो, तेव्हा घाटात ९५ वरनं एकाएकी ६० झालं तर खूश न होता गाडी बाजूला घेऊन बंद करायची.