मिलिलिटरपासून अर्थसंकल्पापर्यंत

बाळंतपणानंतर वार सुटते तेव्हा गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर असंख्य रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. दिवस भरत आलेले असताना गर्भाशयाला दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पोहोचत असते. वार पडल्यावर गर्भाशयाचे स्नायू घट्ट आकसतात आणि या वाहिन्या दाबून धरतात, म्हणूनच बहुतेक बाळंतिणींचा रक्तस्राव आपोआप आटोक्यात येतो. स्नायू सैल राहिले, तर धडधाकट बाईसुद्धा दोन-चार तासांत दगावू शकते. 2023 साली जगात गर्भारपण आणि बाळंतपणाशी निगडित कारणांनी सुमारे 2 लाख 60 हजार स्त्रिया मरण पावल्या. अशा मृत्यूंपैकी एक चतुर्थांशाहून अधिक मृत्यू रक्तस्रावाने होतात, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत घडतात.

यावरचे नेहमीचे औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. ते 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात साठवावे लागते आणि टोचावे लागते, त्यामुळे जिथे वीज बेभरवशाची आणि प्रशिक्षित नर्स दूर, तिथे ते कागदोपत्री उपलब्ध असूनही कामाला येईलच असे नाही. स्त्री-आरोग्यासाठी निधी मागणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना नेमक्या अशा नीरस गोष्टींसाठी झगडावे लागते.

2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 1,620 बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या गोळीची चाचणी झाली. ही गोळी तोंडाने घेता येते आणि तिला फ्रिज लागत नाही. ती देणाऱ्या होत्या घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या सहायक परिचारिका. गोळीमुळे प्रसूतिपश्चात रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. या चाचणीत रक्त अंदाजाने ठरवले नाही. बाळंतिणीच्या कमरेखाली प्लॅस्टिकचे कापड पसरले जाई. त्याच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी असे, आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. चादरीवर, फरशीवर आणि बोळ्यांत मुरलेले रक्त नजरेने जोखले, तर अनुभवी डोळासुद्धा ते बरेच कमी धरतो, आणि उपचार उशिरा सुरू होतात.

पुराव्याच्या पाठोपाठ पाठपुरावा आला. संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संघटनांनी बेळगावसह इतर चाचण्यांचे निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेपुढे मांडले, आणि 2011 मध्ये रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश झाला. बाहेरून ही कारकुनी वाटते, परंतु सरकारी औषधखरेदी आणि परदेशी मदत बहुधा याच यादीकडे पाहून ठरत असल्यामुळे, यादीतली एक ओळ अनेक मोर्चांपेक्षा जास्त गोळ्या गावापर्यंत पोहोचवते.

मोजणाऱ्या कापडाची खरी ताकद 2023 मध्ये दिसली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक प्रसूतींमध्ये, हे कापड वापरून रक्तस्राव वेळीच ओळखायचा आणि ओळखताच गर्भाशयाची मालिश, औषधे, सलाइन व तपासणी हे सारे एकदम सुरू करायचे, अशी पद्धत तपासली गेली. एरवी जेमतेम निम्मे रक्तस्राव ओळखले जात होते, ते प्रमाण 93 टक्क्यांवर गेले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटले.

या साऱ्यासाठी लागणारा पैसा येतो कुठून? 1994 च्या कैरो परिषदेत 179 देशांनी लोकसंख्या व प्रजनन आरोग्याच्या कार्यक्रमांसाठी 2000 सालापर्यंत वर्षाला 17 अब्ज डॉलर लागतील असा हिशोब मांडला होता आणि त्यातला एक तृतीयांश वाटा श्रीमंत देशांनी उचलावा असे ठरले होते. मदतीवरच्या अशा विसंबण्याला राजकारणाची झळ लागते. गर्भपाताशी संबंध ठेवणाऱ्या परदेशी संस्थांचा निधी रोखणारे अमेरिकेचे धोरण 1984 पासून तिथले सरकार बदलेल तसे लागू होते आणि उठते. आफ्रिकेतील 26 देशांच्या 1995 ते 2014 या काळातील माहितीवर आधारित अभ्यासात दिसले, की या धोरणाची झळ जास्त बसलेल्या देशांत गर्भनिरोधकांचा वापर घटला आणि गर्भपात सुमारे 40 टक्क्यांनी वाढले. निधी बंद झाल्याने संस्थांची गर्भनिरोधक सेवाच आटली, हे त्याचे सर्वांत सयुक्तिक कारण दिसते. धोरणाच्या पुरस्कर्त्यांना अपेक्षित होते त्याच्या नेमका उलटा हा परिणाम म्हणावा लागेल.

2025 मध्ये अमेरिकी मदत संस्थेचे कामच गुंडाळले गेले आणि तिच्या पैशावर 1984 पासून चाललेला लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचा कार्यक्रमही थांबवण्यात आला. अनेक गरीब देशांत माता-आरोग्याचा तोच मुख्य आकडेवारीचा आधार होता. मला हे नुकसान औषधांच्या तुटवड्याइतकेच गंभीर वाटते, कारण आकडे नसतील तर अर्थ खात्यापुढे मागणी कशाच्या जोरावर ठेवायची?

ऑक्टोबर 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवे मार्गदर्शन दिले: आजवरची 500 मिलिलिटरची मर्यादा गाठण्याची वाट न पाहता, 300 मिलिलिटर रक्त गेले असेल आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडला असेल, तर लगेच उपचार सुरू करावेत. मात्र 300 मिलिलिटर ओळखायचे, तर खुणांचे कापड प्रत्येक प्रसूतिगृहात, प्रत्येक बाळंतपणासाठी हवे. त्यामुळे संस्थांना आता परदेशी देणगीदारांइतकाच पाठपुरावा आपापल्या सरकारांकडे करावा लागणार आहे, आणि अर्थसंकल्पात या कापडाच्या खरेदीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष मागावे लागणार आहे.