25 तासांची गोष्ट: मेडिकलमध्ये आहार मागे कसा पडला

डॉक्टर गोळ्या, टेस्ट, पुढची तारीख सगळं नीट सांगतात, पण "खायचं काय?" विचारलं की तेल-मीठ कमी करा, एवढ्यावर गाडी थांबते. ह्यात त्यांचा दोष कमी, अभ्यासक्रमाचा जास्त.

गंमत म्हणजे एकेकाळी आहार हा मेडिकलमधला एकदम हॉट विषय होता. 1890 च्या आसपास जावा बेटावर आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचे (हातपाय लुळे पडतात तो आजार) जंतू शोधत बसला होता, तर त्याच्या कोंबड्याच लंगडायला लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. खोदून विचारलं तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना मिलिटरी हॉस्पिटलच्या किचनमधला उरलेला पांढरा भात घालत होते, मग नवीन आचारी आला आणि सैन्याचा तांदूळ सिव्हिलियन कोंबड्यांना देणार नाही म्हणून अडून बसला (त्या आचाऱ्याचे मेडिसिनवर उपकारच आहेत), आणि कोंबड्या कोंड्यासकटचा तांदूळ खाऊन टुणटुणीत. म्हणजे भानगड जंतूंची नव्हतीच, कोंड्यातलं काहीतरी पोटात जात नव्हतं. आइकमनला 1929 मध्ये नोबेल मिळालं. 1912 मध्ये फुंक नावाच्या पोलिश बायोकेमिस्टने अशा गोष्टींना व्हिटामिन हे नाव दिलं, 1948 मध्ये बी-12 हाती लागलं आणि व्हिटामिनची यादी पुरी झाली.

खरी मेख इथेच आहे. व्हिटामिनच्या गोळ्या झाल्या, पिठातही मिसळली गेली, श्रीमंत देशांत पेलाग्राचे (हाही व्हिटामिन कमी पडून होणारा आजार) पेशंट दिसेनासे झाले, मग शिकवायचं कशाला? विषय वाटला गेला, थोडा बायोकेमिस्ट्रीत, थोडा पेडियाट्रिक्समध्ये, थोडा कम्युनिटी मेडिसिनमध्ये, म्हणजे सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही. थायमिन (म्हणजे बी-1, कोंड्यातलं तेच ते) कुठल्या एन्झाइमला लागतं ते पोरांना तोंडपाठ, पण पेशंटने काल दिवसभरात काय खाल्लं हे विचारायचं कसं ते कुणी शिकवलंच नाही.

तक्रार काही आजची नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1963 मध्येच हे बोलून दाखवलं होतं. 1974 मध्ये बटरवर्थ नावाच्या डॉक्टरने लिहिलं की हॉस्पिटलमध्येच पेशंट उपाशी राहतायत, कितीतरी जणांची उंची-वजनं केसपेपरवर लिहिलेलीच नाहीत. त्या लेखाने खळबळ उडाली. 1985 मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने आकडा ठरवून दिला: अख्ख्या मेडिकलच्या कोर्समध्ये आहार शिकवायला किमान 25 तास. तेव्हा सरासरी होती 21. पंचवीस वर्षांनी, 2010 मध्ये छापून आलेल्या सर्व्हेत ती निघाली 19.6, म्हणजे वाढायचं सोडून घटली, आणि 25 गाठणारी कॉलेजं फक्त 27 टक्के. त्यातही बरेचसे तास पहिल्या दोन वर्षांत, पेशंट समोर यायच्या आधीच उरकलेले.

आता तास मोजण्यापेक्षा येतं काय ते बघा असा सूर आहे. 2024 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या पॅनेलने 36 कौशल्यांची यादी काढली आणि त्यातल्या बहुतेकांनी वर हेही म्हटलं की लायसन्सच्या परीक्षेत ह्यावर प्रश्न विचारा. हॉस्टेलमध्ये राहिलेले लोक असणार, कुठला चॅप्टर ऑप्शनला टाकला जातो ते त्यांना बरोबर माहितीये.