कमी दाबाच्या क्षेत्राचा मागोवा (नागपूर)

बंगालच्या उपसागरात हवेचा दाब घटून वारे चक्राकार फिरू लागले की ती प्रणाली विरून जाईल की वादळापर्यंत वाढेल, यावर दिवसेंदिवस लक्ष ठेवण्याची पद्धत. नागपूर सर्वांत जवळच्या किनाऱ्यापासूनही 500 किलोमीटरहून अधिक आत आहे. वादळाचा वारा इथवर पोचेतो बहुतेक मोडलेला असतो. पाऊस मात्र पोचतो. त्यामुळे विशाखापट्टणमला वादळ किती मोठे होणार याची चिंता, तर नागपूरला ते जमिनीवर चढून कोणत्या बाजूला वळणार याची.

भारतीय हवामान विभागाची वर्गवारी वाऱ्याच्या वेगावर चालते. ताशी 31 किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तर ते नुसते कमी दाबाचे क्षेत्र, 31 ते 49 असेल तर डिप्रेशन आणि 50 ते 61 असेल तर डीप डिप्रेशन. 62 गाठले की चक्रीवादळ, आणि नाव मिळते ते तेव्हाच. वाढीची चिन्हे आधीपासून शोधली जातात: समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 26.5 अंशांच्या वर आहे का, खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत तर नाही ना, विखुरलेले ढग एका केंद्राभोवती गुंडाळले जाताहेत का. समुद्रावर मोजमापाची साधने तुरळक, म्हणून इन्सॅट उपग्रहांच्या चित्रांतील ढगांच्या ठेवणीवरून ड्वोरॅक पद्धतीने तीव्रता दाखवणारा ‘टी’ क्रमांक देतात, टी 2.5 म्हणजे चक्रीवादळ.

ऐन पावसाळ्यात ही चिन्हे सहसा अर्धवटच राहतात. खाली जोरदार पश्चिमी वारे आणि वर तितकेच जोरदार पूर्वेचे, अशा ओढाताणीत प्रणाली उंच उभी राहत नाही. पण विदर्भाला भिजवणाऱ्या, क्वचित बुडवणाऱ्या प्रणाली बहुतांशी याच बिननावाच्या. मान्सून डिप्रेशनचा सर्वाधिक पाऊस त्याच्या नैर्ऋत्येला पडतो. ते छत्तीसगडवरून मध्य प्रदेशात सरकले तर नागपूर ओल्या बाजूला येते. तेलंगणातून गेले तर जोर यवतमाळ-चंद्रपूरकडे जाऊ शकतो. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. शिवाय पाऊस शहरात पडायलाच हवा असेही नाही: ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातील पावसाने वैनगंगेला पूर आला आणि भंडारा पाण्यात गेले.

नावाच्या वादळांत ‘गुलाब’ लक्षात राहण्याजोगे. 26 सप्टेंबर 2021 ला ते आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, दुसऱ्या दिवशी तेलंगणा आणि लगतच्या मराठवाडा-विदर्भावर डिप्रेशन होऊन राहिले. संपले असे वाटत असताना त्याचा अवशेष अरबी समुद्रात उतरला, ‘शाहीन’ या नव्या नावाने उठला आणि ओमानला धडकला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नजर अधिक कडक हवी. शेतात धानाच्या कडपा पडलेल्या असतात, कापसाची बोंडे फुटलेली, सोयाबीनची गंजी उघड्यावर. याच महिन्यांत मोबाइलवर ‘महाचक्रीवादळा’चे निरोपही फिरतात, दहा दिवसांपुढचा अंदाज देणाऱ्या एखाद्या संगणकी मॉडेलच्या नकाशावर ते बेतलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी तो नकाशाच बदललेला असतो.

सोनेगावच्या विमानतळ परिसरातील प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भासह मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचेही काम पाहते. तिथल्या डॉप्लर रडारला (पाऊस आणि ढगांतील वारे टिपणाऱ्या) समुद्र दिसत नाही. प्रणालीचा केवळ शेवटचा टप्पा त्याच्या टापूत येतो, त्यामुळे त्याआधीचा भरवसा उपग्रह, किनाऱ्यावरची रडार आणि रोज पहाटे व सायंकाळी मोजमापाची साधने बांधून सोडल्या जाणाऱ्या फुग्यांच्या नोंदींवरच असतो.