अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये मुलांचं गणित कुठून सुरू होतं: प्रवेश, कागदपत्रं आणि वर्ग ठरण्याची पद्धत

नोकरीनिमित्त कुटुंब अमेरिकेत हलतं तेव्हा घर, गाडी, बँक खातं यांच्या धावपळीत मुलाच्या गणिताचा विचार मागे पडतो. शाळेत नाव घातलं की योग्य वर्ग आपोआप मिळेल, असं आपण धरून चालतो, कारण आपल्याकडे नववीतली सगळी मुलं नववीचंच गणित शिकतात. अमेरिकेत तसं नाही. तिथे एकाच इयत्तेतली मुलं तीन-चार वेगवेगळ्या गणितांच्या वर्गांत बसलेली असतात. आपल्या मुलाला त्यातलं कुठलं द्यायचं, हे शाळा पहिल्या एक-दोन भेटींत ठरवते, आणि समोर जे कागद असतील त्यांच्यावरूनच ठरवते. कागद नसतील तर काउन्सेलर (मुलांचे विषय आणि वर्ग ठरवणारा शाळेतला सल्लागार) सगळ्यात सुरक्षित वाट धरतो आणि मुलाला अल्जेब्रा १ मध्ये बसवतो. दहावी पास झालेला मुलगा मग वर्षभर एकचल समीकरणं सोडवत राहतो. हे टाळता येतं. त्यासाठी बहुतेक तयारी भारत सोडण्याआधीच करावी लागते.

आधी पायऱ्या समजून घ्या

हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. बहुतेक राज्यांत गणिताचा क्रम असा असतो: अल्जेब्रा १ (बीजगणित), जॉमेट्री (भूमिती), अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी) आणि शेवटी कॅल्क्युलस (कलन). प्रत्येक विषय एक वर्षाचा, आणि आधीचा पास झाल्याशिवाय सहसा पुढचा मिळत नाही. अल्जेब्रा १ नववीत घेतलं तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोचता येतं. कॅल्क्युलस शाळेतच करायचं असेल तर अल्जेब्रा १ आठवीत झालेलं हवं, किंवा मध्ये कुठेतरी एका वर्षात दोन विषय करावे लागतात. आठवीत अल्जेब्रा असावं की नसावं, यावर तिथे मोठे वाद झाले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये ते आठवीतून काढलं आणि २०२४ मध्ये परत आणायचा निर्णय घेतला.

काही राज्यांत नावं वेगळी दिसतील. नॉर्थ कॅरोलायनात मॅथ १, मॅथ २, मॅथ ३ असतं, म्हणजे आपल्यासारखंच बीजगणित आणि भूमिती एकत्र. जॉर्जियाने २०२३-२४ पासून नावांना ‘कन्सेप्ट्स अँड कनेक्शन्स’ अशी शेपटी जोडली आहे. न्यूयॉर्कमध्ये अल्जेब्रा १, जॉमेट्री आणि अल्जेब्रा २ या तिन्हींच्या शेवटी राज्याची रीजन्ट्स परीक्षा असते.

शाळा पास व्हायला किती गणित लागतं, हे राज्यावर अवलंबून. कॅलिफोर्नियाचा किमान नियम दोन वर्षांचा, टेक्ससचा तीन क्रेडिट्सचा (वर्षभराचा विषय पास झाला की एक क्रेडिट; ‘एन्डॉर्समेंट’ म्हणजे आवडीच्या क्षेत्राची जोड घेतल्यास चार), फ्लोरिडाचा चार क्रेडिट्सचा. पण शाळा पास होणं आणि कॉलेजला पात्र होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाला म्हणजे यूसीला किमान तीन वर्षांचं गणित लागतं, चार वर्षं झालेली असतील तर चांगलं, आणि प्रत्येक विषयात सी किंवा त्याहून वरची ग्रेड (ए सर्वात वरची, एफ म्हणजे नापास) हवी. शाळेच्या किमान नियमावर समाधान मानलं तर हा दरवाजा बंद होतो.

प्रवेशाला कोण पात्र, काय लागतं

सरकारी शाळा मोफत असते आणि कुठली शाळा मिळणार हे राहत्या पत्त्यावरून ठरतं. पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर सोबत आलेल्या मुलाच्या प्रवेशाच्या आड व्हिसा येत नाही. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतराच्या स्थितीवरून मुलाला शाळा नाकारता येणार नाही असं ठरवलेलं आहे. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अडत नाही.

अर्ज बहुतेक ठिकाणी स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर भरायचा असतो. जन्मतारखेसाठी पासपोर्ट किंवा जन्मदाखला, पत्त्यासाठी घराचा भाडेकरार आणि वीज-पाण्याचं बिल, पालकाचं ओळखपत्र, लसीकरणाची नोंद. लसींपैकी कांजिण्यांच्या लसीकडे लक्ष द्या. आपल्याकडे ती बऱ्याच मुलांना दिलेली नसते किंवा एकच डोस झालेला असतो, आणि तिथे बऱ्याच राज्यांत दोन डोस मागतात. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून तारखांसह पूर्ण नोंद इंग्रजीत लिहून घ्या.

अर्जात घरी कोणती भाषा बोलता हा प्रश्न असतोच. मराठी असं खरं लिहा. त्यानंतर मुलाची इंग्रजीची चाचणी घेतात (कॅलिफोर्नियात प्रवेशानंतर ३० दिवसांत), आणि इंग्रजी माध्यमातून शिकलेली मुलं ती सहसा सहज पार करतात. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीचा आधारवर्ग मिळाला तर तोही उपयोगाचाच. मात्र इंग्रजी कच्चं म्हणून गणितही खालचं, असं होऊ देऊ नका. काउन्सेलरला स्पष्ट सांगा की गणिताची पातळी वेगळी तपासा.

गणितासाठीचे कागद: इथेच सगळं ठरतं

सगळ्यात जास्त खोळंबा प्रगतिपुस्तकांमुळे होतो. दहावीची बोर्डाची गुणपत्रिका सगळे जपून नेतात. नववीचं प्रगतिपुस्तक मात्र घरी कुठल्यातरी कपाटात राहतं. अमेरिकेत नववी हे हायस्कूलचं पहिलं वर्ष आहे. त्याचे क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या सगळ्या वर्षांच्या एकत्रित गुणपत्रकावर, यायला हवेत, नाहीतर मूल अकरावीत बसूनही त्याच्या नावावर नववीच्या गणिताची जागा रिकामी राहते. आठवी, नववी, दहावी, आणि अकरावी झाली असेल तर तीही, अशी प्रत्येक वर्षाची विषयवार गुणपत्रिका घ्या. मराठीत असेल तर शाळेकडून इंग्रजी प्रत करून घ्या, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. शाळा सोडल्याचा दाखला आणि बोनाफाईडही सोबत असू द्या.

यानंतर मुख्याध्यापकांकडून एक पत्र घ्या. माझ्या मते संपूर्ण फाइलमध्ये सर्वात मोलाचा कागद हाच. त्यात दोन गोष्टी हव्यात.

पहिली, विषयांची फोड. आपल्या राज्य मंडळात नववी-दहावीला गणिताचे दोन भाग असतात: भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती, दहावीला प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. अंतिम निकालात मात्र गणित एकच विषय म्हणून, १०० पैकी धरलं जातं. समोरचा काउन्सेलर तो निकाल बघतो आणि म्हणतो, जॉमेट्री तर झालेलीच नाही. यूसीला अर्ज करायचा असेल तर ही बाब फार जड जाते. पुढचा विषय चांगल्या ग्रेडने केला की मागचा झाला असं यूसी बऱ्याचदा मान्य करतं, पण जॉमेट्रीला ही सवलत नाही. म्हणून पत्रात साफ लिहून घ्या: ‘या विद्यार्थ्याने इयत्ता नववी व दहावीत भूमितीचा स्वतंत्र अभ्यासक्रम पूर्ण केला असून त्यात समांतर रेषा, त्रिकोणांची एकरूपता व समरूपता, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती व महत्त्वमापन यांचा समावेश होता.’ सीबीएसईचा पेपर एकच असतो, तिथे तर हे पत्र अधिकच गरजेचं. पत्रासोबत पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिकांच्या इंग्रजी प्रती जोडा.

दुसरी, गुणांचं कोष्टक. आपल्याकडे ७५ टक्क्यांना विशेष प्राविण्य, ६० ला प्रथम श्रेणी आणि ३५ ला उत्तीर्ण. तिथे ७५ टक्के म्हणजे बहुतेक शाळांत सी ग्रेड. कोणी आकडा तसाच उचलून ग्रेड लावली, तर दहावीत ७८ मिळवलेल्या मुलीचा जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) पहिल्याच दिवशी खाली येतो आणि कॉलेजच्या अर्जापर्यंत सोबत राहतो. श्रेणींचं कोष्टक शाळेच्या लेटरहेडवर असेल तर तुम्हाला बोलायला आधार मिळतो. काही डिस्ट्रिक्ट परदेशी विषयांना ग्रेड न लावता नुसतं ‘पास’ आणि क्रेडिट देतात. गुण मध्यम असतील तर हा पर्याय आहे का, हे विचारा.

वर्ग कसा ठरतो आणि तुम्ही काय मागायचं

इयत्ता वयावरून आणि झालेल्या शिक्षणावरून ठरते. मार्चमध्ये दहावी दिलेलं मूल ऑगस्टमध्ये साधारण अकरावीत जातं. गणिताचा वर्ग मात्र त्या इयत्तेला बांधलेला नसतो, आणि बोलायला जागा इथेच असते.

दहावी झालेल्या मुलाचं अल्जेब्रा १ आणि जॉमेट्री जवळजवळ पूर्ण झालेलं असतं. वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, समरूपता सगळं आलेलं असतं. लॉगरिदम, घातीय फलनं आणि संमिश्र संख्या मात्र झालेल्या नसतात, आणि त्या अल्जेब्रा २ मध्ये येतात. त्यामुळे अशा मुलाची योग्य जागा बहुतेक वेळा अल्जेब्रा २. नुसती नववी झालेल्या मुलाचं वर्गसमीकरणांचं काम बाकी असतं. त्याने सुट्टीत ते उरकून जॉमेट्रीत बसावं. भारतात अकरावी विज्ञान केलेल्याने सीमा आणि विकलन थोडं पाहिलेलं असतं. त्याला प्रीकॅल्क्युलस सोपं वाटेल, आणि तयारी पक्की असेल तर थेट कॅल्क्युलसही मागता येतं.

हे तुम्ही नुसतं सांगून चालणार नाही. नाव नोंदवतानाच प्लेसमेंट टेस्ट (पातळी तपासून वर्ग ठरवणारी चाचणी) मागा, आणि ती लेखी मागा, ईमेल पुरतो. टेस्टच्या आधी एका गोष्टीची तयारी करून घ्या, कारण हुशार मुलंही तिथेच अडखळतात: आलेखातून फलन वाचणं. आपल्या मुलाला वर्गसमीकरण दिलं तर तो अवयव पाडून किंवा सूत्राने उत्तर काढेल. तिथे प्रश्न असा येतो: य = (क्ष − ३)² + २ या वक्राचा शिरोबिंदू कुठे आहे, आणि य = क्ष² हा मूळ वक्र कुठल्या दिशेने किती सरकला? उत्तर आहे (३, २), म्हणजे उजवीकडे तीन आणि वर दोन. यात आकडेमोड काहीच नाही, पण हे कधी पाहिलंच नसेल तर मूल गोंधळतं आणि मूळ संकल्पना येत असूनही गुण जातात. भूमितीतही स्थानांतरण, परिभ्रमण, परावर्तन यांवर तिथे भर असतो. दोन-तीन आठवड्यांच्या सरावात हे बसतं.

राज्याचे नियम तुमच्या बाजूने वापरा. कॅलिफोर्नियात २०१५ चा मॅथेमॅटिक्स प्लेसमेंट कायदा आहे. नववीत येणाऱ्या मुलाला गणिताच्या वर्गात टाकताना एकाहून जास्त वस्तुनिष्ठ निकष लावायचे, वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात पुन्हा तपासायचं, आणि पालकांना हरकत घेण्याचा मार्ग द्यायचा, हे त्यात डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. हे धोरण डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर असतं. टेक्ससमध्ये परीक्षा देऊन क्रेडिट मिळवता येतं. विषय आधी शिकलेला असेल तर ७० टक्के, शिकलेला नसेल तर ८० टक्के लागतात. भारतात बीजगणित केलेल्या मुलासाठी हा फार चांगला रस्ता आहे.

नकार आला तर अपील किंवा वेव्हरचा फॉर्म मागा. काही शाळांत त्यावर पालक सही करतात की वरचा वर्ग आमच्या जबाबदारीवर घेतो आहोत. वर्ग बदलण्याची मुदत सत्राच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतीच असते, म्हणून ‘बघू पुढे’ म्हणत थांबू नका. पुढच्या वर्षाचे विषय साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निवडायचे असतात. त्यात शिक्षकाची शिफारस लागते, म्हणून पहिल्या सत्राची ग्रेड जपावी लागते.

कॅल्क्युलसची घाई

ओळखीच्या कुटुंबांत हे दडपण मी खूप पाहते. कोणाचा मुलगा दहावीत कॅल्क्युलस करतो, म्हणून आपल्याही मुलाने अल्जेब्रा २ गाळावं असा आग्रह धरला जातो. कृपया असं करू नका. कॅल्क्युलसमध्ये अडकणारी मुलं बहुतेकदा लॉगरिदम, घातांक आणि त्रिकोणमितीत अडकतात. पुढे जायचंच असेल तर जॉमेट्री आणि अल्जेब्रा २ एकाच वर्षी घ्या, किंवा जॉमेट्री उन्हाळ्यात करा. उन्हाळी कोर्स बाहेरच्या संस्थेतून करणार असाल तर तो ट्रान्सक्रिप्टवर चढेल का, हे काउन्सेलरकडून आधी लेखी घ्या.

वरच्या टोकाला एपी विषय, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय, आहेत. एपी प्रीकॅल्क्युलस २०२३ च्या शरद सत्रात सुरू झालं. एपी कॅल्क्युलसचे एबी आणि बीसी असे दोन प्रकार आहेत. बीसीमध्ये एबीचा सगळा भाग येतो, म्हणून दोन्ही ओळीने करावेच लागतात असं नाही, शाळेचा नियम विचारा. एपी स्टॅटिस्टिक्सला कॅल्क्युलस लागत नाही, अल्जेब्रा २ पुरतं. जीवशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्राकडे कल असलेल्या मुलांनी त्याचा मनापासून विचार करावा. परीक्षा मेमध्ये असते, पण वर्षभराच्या विषयाच्या परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरपर्यंत शाळेतून व्हावी लागते. उशिरा आलेल्या कुटुंबांच्या हातून हीच तारीख निसटते.

ट्रान्सक्रिप्ट तपासा

पहिलं सत्र संपलं की ट्रान्सक्रिप्टची प्रत मागा. भारतातल्या नववी-दहावीच्या गणिताचे क्रेडिट त्यावर आहेत का, जॉमेट्रीची वेगळी ओळ आहे का, ग्रेड लावली आहे की पास, हे बघा. १९७४ च्या फर्पा या शैक्षणिक नोंदींविषयीच्या कायद्याप्रमाणे पालकांना मुलाच्या शालेय नोंदी पाहण्याचा हक्क आहे आणि शाळेने ४५ दिवसांत त्या दाखवायच्या असतात. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्जही करता येतो. मूल १८ वर्षांचं झालं की हा हक्क त्याच्याकडे जातो, मग अर्जावर सही त्याची लागते. म्हणून ही तपासणी बारावीवर न ढकलता पहिल्याच वर्षी उरका. तोवर भारतातल्या शाळेत ओळखीचे मुख्याध्यापक असतात आणि एखादं पत्र पुन्हा हवं असेल तर मिळून जातं.