बलूनमधला दाब पंप ठरवत नाही

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जुन्या मोटारींचा मेळा भरला होता. तो बघून आल्यापासून माझ्या मामेभावाच्या डोक्यात स्ट्रीट रॉडचा भुंगा शिरला. स्ट्रीट रॉड म्हणजे १९४९ च्या आधीची गाडी घ्यायची, वरचं रूप जुनंच ठेवायचं आणि पोटात नवं इंजिन, नवे ब्रेक घालायचे. खेळ मूळचा अमेरिकेतला. यानं शेडमधल्या १९४७ च्या फोर्डचे पाटे (गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढले आणि एअर सस्पेन्शनचे, म्हणजे गाडी हवेवर तोलणारे, चार रबरी बलून बसवले. आता बटण दाबलं की गाडी म्हशीसारखी बसकण मारते, पुन्हा दाबलं की उठते.

"पंपानं प्रेशर वाढवलं की गाडी वर जाते," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. हे साफ चूक आहे. बलूनमधला दाब पंप ठरवत नाही, गाडीचं वजन ठरवतं.

हिशेब शाळेतलाच आहे. एका चाकावर ३५० किलो भार आहे आणि बलूनचा व्यास १२ सेंटिमीटर आहे, असं धरू. क्षेत्रफळ झालं ११३ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला ३.१ किलो, म्हणजे टायरवाल्याच्या भाषेत ४४ पौंड हवा. आता आणखी हवा भरा. दाब वाढायचा तर वजन वाढायला हवं, आणि ते तर तेवढंच आहे. मग जादा हवा जागा मागते, बलून लांबतो, गाडी उचलली जाते आणि काटा जवळपास तिथंच राहतो. ('जवळपास' एवढ्यासाठी, की फुगताना बलूनचं क्षेत्रफळ थोडं बदलतं.) काटा खरा हलतो तो मागच्या सीटवर दोन मामा येऊन बसल्यावर. भार ४५० किलो झाला की ५७ पौंड.

खरी गंमत इथून पुढे आहे. पोलादी पाट्याचा ताठपणा ठरलेला असतो. भरलेल्या ट्रकसाठी केलेले पाटे रिकाम्या ट्रकला उडवतात, कारण डोलण्याची लय ताठपणा भागिले वजन या गुणोत्तराच्या वर्गमुळावर चालते. वजन बदललं की लय बदलली. हवेचं तसं नाही. बॉइलनं १६६२ मध्ये मांडलेला नियम आठवा: आकारमान निम्मं केलं की दाब दुप्पट. त्यामुळे बलून एक सेंटिमीटर दाबला तर परतीचा जोर किती वाढेल, हे आत आधी किती दाब आहे त्यावर ठरतं. भार वाढला, व्हॉल्व्हनं हवा भरून उंची पहिल्यासारखी केली, की दाब वाढतो आणि त्याच्याबरोबर ताठपणाही वाढतो. वजन वाढलं तसाच ताठपणाही वाढला, म्हणून गुणोत्तर फारसं हलत नाही आणि लय टिकते. यात बाहेरच्या वातावरणाचा एक किलो दाबही मोजावा लागतो, म्हणून प्रमाण तंतोतंत नाही. शिवाय खड्ड्याचा दणका इतका झटपट असतो, की दबलेली हवा तापते (सायकलचा पंप तापतो तशी) आणि बॉइलच्या हिशेबाच्या १.४ पटीपर्यंत ताठ वागते. हळू दाबा, मऊ. झटक्यात दाबा, कडक. आणि गाडी अगदी खाली बसवली की हवेला जागाच थोडी उरते, म्हणून ती दगडासारखी लागते. रीलमध्ये जमिनीला टेकून पळणाऱ्या गाड्यांत बसणाऱ्यांच्या कमरेचं काय होतं, ते कोणी दाखवत नाही.

एके सकाळी फोर्ड उजवीकडे दहा सेंटिमीटर खचलेली दिसली. फिटर म्हणाला, "गाडीने नजर लागी छे," आणि बंपरला लिंबू-मिरची बांधून मोकळा झाला. भावाचं शास्त्र वेगळं होतं: रात्रीच्या थंडीनं हवा आकसली. आकसते खरी. पण ३५ अंशांवरून २५ वर आली तर फक्त ३ टक्के. अठरा सेंटिमीटरच्या बलूनला हा फरक सहा मिलिमीटरही नाही! साबणाचा फेस लावला तर पाइपच्या जोडावर बुडबुडे आले. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोममध्ये बलून कारखान्यातूनच यायचे, आणि गळतीला कंटाळून कित्येक मालकांनी नंतर साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या.

पावसाळ्यात आणखी एक काम असतं. वीस लिटरची टाकी दहा किलो दाबानं भरली, की दमट हवेतलं छोटा चमचाभर पाणी तळाशी उतरतं. नळी उघडून ते काढलं नाही, तर गंज आलाच.

पाटे काढताना भावानं एक गोष्ट विसरली होती. या फोर्डला पुढे एक, मागे एक असे आडवे पाटे असतात (कंपनीनं ही पद्धत १९४८ पर्यंत सोडली नाही), आणि तेच एक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाहीत. बलून फक्त भार उचलतो, धरून काहीच ठेवत नाही. म्हणून एक्सल आणि चासी यांच्यामध्ये एक आडवा दांडा, पॅनहार्ड रॉड, टाकावा लागला. शॉकअपही लागतातच, नाहीतर गाडी डोलतच राहील.

आता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम असले बदल करून रस्त्यावर येऊ देत नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. त्यामुळे सध्या ही फोर्ड शेडच्या दारातून निघते, विहिरीपर्यंत जाते आणि परत येते.